देवापुढून चालणारी चप्पल

सोलापूर

श्री. सयाजीराव यांस तुमच्या दाजींचा रामराम. करकंबला तुमची कंबर आणि तुमचा ऊस दोन्ही सरळ उभे असतील अशी आशा करतो. सासूबाईंना दंडवत सांगा. माझ्या पायाचा अंगठा अजून जागेवर आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

साखरेमुळं अंगठ्याखाली झालेली जखम तुम्ही पाहिलीच होती. भरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टर वैजयंतीबाईंनी तोंडावर सांगितलं होतं. अशा पायांवर त्यांचं संशोधन चालू आहे. निम्म्या पेशंटांना नुसती मलमपट्टी, निम्म्यांना वर खास चप्पल, आणि कुणाला काय ते कॉम्प्युटर ठरवतो. मला चप्पल मिळाली (आयुष्यातली पहिली लॉटरी, तीही पायात घालायची). त्याआधी परीक्षा झाली. आपण डोळे मिटायचे, बाई तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवणार, कळलं की 'व्हय' म्हणायचं. नापास नको व्हायला म्हणून मी अंदाजानं 'व्हय, व्हय' करत राहिलो. डोळे उघडले तर दोरा केव्हाचा टेबलावर आणि बाई हसतायत.

अट एकच होती, घरातसुद्धा चप्पल घालूनच चालायचं. आता सोजर तुमचीच बहीण, तुम्हाला ठाऊक आहे. 'देवापुढं चप्पल? मी हाय तवर न्हाय!' मग काय, उंबऱ्याशी चप्पल काढायची, आत अनवाणी फिरायचं आणि दवाखान्यात 'घालतो की' म्हणायचं. जखम जिथल्या तिथं. शेवटी बाई म्हणाल्या, पुढच्या खेपेला अंगठ्याचंच बोलू. त्या दिवशी सोजरही सोबत होती. घरी आल्या आल्या तिनं चप्पल धुतली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, 'ही आता घरातलीच. बाहेर घालायची न्हाय.' (तपासणीलाही पिशवीतून नेतो.) मी जिंकलो असं समजून देवापुढून ऐटीत फिरायला लागलो.

जखम भरत आली. एका तपासणीला बाईंनी चप्पल उलटीसुलटी केली. आतल्या मऊ गादीवर पायाचा ठसा उमटतो. माझ्या ठशात आणखी एक लहान ठसा होता, दुसऱ्या बोटाखाली जोडव्याची खूण आणि टाचेशी ज्वारीचं पीठ. 'आबासाहेब, जोडवी कधीपासून घालता?' सगळा दवाखाना हसला, मीही हसलो. मी अंथरुणात असताना तुमची बहीण माझी चप्पल घालून भाकरी थापत होती! असो. गेल्या आठवड्यात जखम बुजली, अंगठा वाचला. मला रडू आलं, हे सासूबाईंना सांगू नका.

तुमचा दाजी,
आबासाहेब

ता. क. पत्राचं खरं कारण हे. घरी येऊन सोजरला विचारलं, तर म्हणाली, 'पायाखाली कापूस हातरल्यागत वाटतंय. चपलेत जरा बरं चालता येतं.' माझं हसू तिथंच थांबलं. साखर तिलाही आहे, पण दवाखान्याचं नाव काढलं की 'मला काय धाड भरलीय?' सयाजीराव, मला भीती वाटते. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल. काहीतरी निमित्त काढून या आणि तिला घेऊन चला. फोनवर बोललो तर शेजारी बसून ऐकते, म्हणून हे पत्र. टाकायला तिच्याकडंच देतोय, पण पाकीट चांगलं चिकटवलंय.

दादा, पाकीट वाफंवर उघडलं. निमित्त काढू नको. काल मी एकटीच जाऊन आले. डोळे मिटले. बाईंनी इचारलं, कळतंय का? मी न्हाय म्हनले. दर बारीला न्हायच म्हनले. बाई हसल्या न्हाईत. जखम व्हायच्या आत आलीस, लई बरं केलंस, म्हनल्या. तरी तू ये. ह्यांना अजून सांगितलं न्हाय, लई भितात. — सोजर