नगरची वीज मशीनला मानवत नाही

१३ नोव्हेंबर १९७२, सोमवार
सर्व्हिस इंजिनिअर होऊन आज वर्ष झालं. अख्खा नगर जिल्हा माझ्या एकट्यावर. स्टेन्सिलवरून प्रती काढणारं, विजेवर चालणारं सायक्लोस्टाइल मशीन तीन ऑफिसांत बसवलं. तिन्हीकडे हँडल मारूनच चालवतात. मीच तसं सांगितलंय. नगरची वीज या मशीनला मानवत नाही, हे माझं तांत्रिक मत. ट्रेनिंगमध्ये करंट बसला होता, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

१५ नोव्हेंबर
पुण्याहून साहेबांचा ट्रंक कॉल. सोमवारी राहात्याला येतायत. सोसायटीच्या ऑफिसात मशीन विजेवर चालताना बघायचंय. बरोबर दोन नवी गिऱ्हाइकं. म्हणालो, जरूर या. आवाज कापला, पण लाइनच खराब होती.
उद्या राहात्याला जायचं आणि स्वतः मशीन विजेवर लावून बघायचं. नक्की.

१६ नोव्हेंबर
एसटीला गर्दी. गेलो नाही.

१७ नोव्हेंबर
गेलो. बटणापर्यंत हात नेला आणि छाती धडधडायला लागली. उपाशीपोटी विजेचं काम करूच नये. तिथला क्लार्क गहिनीनाथ म्हणाला, "सायेब, मी लावू का?" त्याला दरडावलं, की हात लावशील तर जळून कोळसा होशील. बिचारा आता मशीनकडे यायलाही भितो. एका अर्थी बरंच झालं.

१९ नोव्हेंबर, रविवार
गमबूट आणले. रबरातून करंट जात नाही. शास्त्र आहे.
बायको, चांगुणा, म्हणाली, "औंदा पावसाचा थेंब न्हाई, आन् तुमी गमबूट घालून कुठं निघाला?" कंपनीचा युनिफॉर्म, म्हणालो. तर चांगुणाबाई म्हणतात, "भ्या वाटतंय तर सायबाला सरळ सांगा की. खातोय व्हय तो?"
इंजिनिअरला भ्या! आवाज चढवावा लागला. दोन घास जेमतेम गेले. भाजी तिखट होती.

२० नोव्हेंबर
सगळ्यांना मागे सरकवलं. साहेब, दोन्ही गिऱ्हाइकं, गहिनीनाथ. पाय गमबुटात घामानं भिजलेले. डोळे मिटून बटण दाबलं. खांद्यापर्यंत झिणझिण्या! ओरडलो. मागे पडलो ते शाईचा डबा अंगावर घेऊनच. म्हणालो, "पाहिलंत साहेब? ही नगरची वीज!"
गहिनीनाथनं हळूच प्लग उचलून दाखवला. भिंतीत लावलेलाच नव्हता. "तुमीच म्हनला हुता कोळसा व्हशील, म्हून मी काढून ठिवला," म्हणाला.
साहेबांनी प्लग लावला. बटण दाबलं. मशीन सुरळीत चाललं. भराभर कागद पडायला लागले. मी तेव्हा दाराबाहेर होतो. हवा लागावी म्हणून.
नंतर साहेबांनी चहाला नेलं. म्हणाले, "औटी, भीती वाटते हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत, तर मी शेजारी उभा राहून शिकवलं असतं." ओरडले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली. मी म्हणालो, "भीती नाही साहेब." त्यांनी चहा अर्धाच ठेवला आणि उठले.

२७ नोव्हेंबर
मिरजगावच्या ऑफिसात, पहिल्यांदाच. आता माझ्याकडे शाई, कागद आणि स्टेन्सिलची विक्री. सेल्स म्हणजे तशी बढतीच.
हेडक्लार्क सहादेवरावांनी शाईचे दोन डबे ठेवून घेतले. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "आमचं मशीन अडतंय. तुमचा इंजिनिअर कधी येनार?"
म्हणालो, पाठवतो.