आईंना अभ्यास आहे

सूनबाई,

तू माझं नाव घातलंस त्या कॉलेजच्या ऑनलाइन लेखनवर्गात काल एकदाची शिरले. पहिलंच काम, स्वतःची ओळख लिहा. लिहिलं, "मी कपडे शिवते. बारावीनंतर लग्न झालं, आज पुन्हा बाकावर बसतेय." बाकीची पोरं विशीतली. हसं होईल म्हणून सगळं पुसायला निघाले, तेवढ्यात तू आतून ओरडलीस, "आई, चहा घेणार?" मी दचकले आणि बोट पडलं 'पाठवा'वर!

सकाळी बघते तर एका मुलीचा प्रश्न, "काकू, मधली वर्षं कशी गेली?" बाई म्हणतात, पुढचा निबंध त्यावरच लिहा.

दुकानातून आले की लिहायला बसणार. स्वयंपाक तुम्ही बघा. तुझे सासरे कुरकुरले तर सरळ सांग, आईंना अभ्यास आहे.

— आई