वाकड्या बोटांची सही

मी, एल्व्हा मे क्रॉली, कै. हार्लंड क्रॉली यांची पत्नी, वय वर्षे त्र्याऐंशी, राहणार हॅरो कोव्ह, वॉशिंग्टन काउंटी, मेन राज्य, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाला किंवा गोडीगुलाबीला बळी न पडता हे मृत्युपत्र करते. माझे सांधे झिजले आहेत, डोके झिजलेले नाही. या दोहोंतला फरक माझ्या मुलाला कळत नाही, म्हणून तो आरंभीच नोंदवून ठेवते. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी मुलांवर विश्वास होता तेव्हा केले होते.

लेखणी मला धरवत नाही. मी सांगते आहे आणि वकील रोझलिंड पेटेग्रो टाइप करत आहेत. आत्ताच त्या म्हणाल्या, "क्रॉलीबाई, एवढं सगळं मृत्युपत्रात घालत नाहीत."

"घाला," मी म्हटले. "मेल्यावर तरी मला मध्येच कुणी तोडणार नाही."

१. माझा देह हार्लंडच्या शेजारी पुरावा. पेटीत ठेवताना छातीवर बोटे गुंफू नयेत. सासूबाईंच्या वेळी अंत्यविधीवाल्याने जोर लावून गुंफली होती. तो कडकड आवाज मी ऐकला आहे. माझी बोटे जशी वळली आहेत तशीच असू द्यावीत. वर पांढरे हातमोजे चढवू नयेत. बघणाऱ्यांना बघू दे.

२. सार्डिन मासे डब्यात भरण्याची माझी कात्री. शाळा सोडली त्या उन्हाळ्यात ती हाती आली आणि कारखान्याला कुलूप लागले तेव्हाच सुटली. डोके काप, शेपूट काप, डब्यात घाल. पायाखाली ओला कोबा, हातात बर्फासारखे मासे, बोटांना गुंडाळलेल्या चिकटपट्ट्या. जितके डबे तितकी मजुरी, त्यामुळे दुखते म्हणून थांबायची कुणाची छाती नव्हती. आधी अंगठ्यांची मुळे सुजली, मग बोटांच्या टोकाच्या सांध्यांवर गाठी आल्या, मग गुडघे गेले. मुकादम म्हणायचा, "वय झालं तुझं, एल्व्हा." तेव्हा मी चाळिशीचीही नव्हते. पुढे प्रत्येक डॉक्टरने तेच वाक्य ऐकवले. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावर सांधा काढून दाखवला. "इथली गादी झिजली की हाडावर हाड घासतं, आणि कडेनं नवं हाड वाढतं. त्याच या गाठी," त्या म्हणाल्या. दुखणे तेवढेच राहिले, पण ते माझ्या मनाचे खेळ नव्हेत एवढे तरी कळले.

ही कात्री गावच्या संग्रहालयाने मागितली होती. देऊ नये. ते ती घासूनपुसून काचेखाली ठेवतील आणि वर आम्हा बायकांचा हसरा फोटो टांगतील. फोटोवाला आला की हसा, असा हुकूम असायचा. कात्री अर्डिस थॅक्सटरला द्यावी.

३. अर्डिस माझी शेजारीण. कारखान्यात टेबलाच्या ज्या टोकाला मासे आधी पोचत आणि डबे जास्त भरत, ती जागा माझी होती. माझ्या बाळंतपणात अर्डिसने ती पटकावली ती पटकावलीच. कारखाना बंद पडला, आमचा अबोला चालू राहिला. तो या मे महिन्यात मोडला. मोडला म्हणजे मी माफ केले असे कोणी समजू नये. कात्री तिला देण्याचे कारण पुढच्या कलमात आहे.

४. वेन हार्लंड क्रॉली, माझा मुलगा, राहणार बँगोर. मागच्या हिवाळ्यात तो आला तेव्हा माझ्या स्वेटरची बटणे उघडी होती, मोरीत फुटलेला कप होता आणि टपाल न फोडता टेबलावर पडले होते.

"आई, तुझं काही खरं नाही आता," तो म्हणाला.

"पाकीट फोडता येत नाही मला, वेन."

"तेच तर म्हणतोय मी."

तो तेच म्हणत नव्हता. त्याने कोर्टात अर्ज केला: आईला स्मृतिभ्रंश झाला आहे, तिचा पालक म्हणून मला नेमावे. उन्हाळ्यात खाडीवर हवा खायला येणाऱ्या एका कुटुंबाला हे घर विकायचे त्याने आधीच कबूल केले होते. माझ्यासाठी बँगोरच्या वृद्धाश्रमात खोली पाहिली होती. तपासणीला पाठवले तिथे डॉक्टर म्हणाले, "घड्याळ काढा आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." पेन्सिल बोटांत ठरेना. गोल काढायला गेले तो बटाटा झाला आणि आकडे त्याच्या बाहेर सांडले. मी म्हटले, "हात दुखतोय." डॉक्टरांनी कागद काढून घेतला.

तोच कागद वेनच्या वकिलाने कोर्टात उंच धरून फिरवला. वेन आपल्या बुटांकडे पाहत होता. त्याच्या शेजारी माझी मुलगी ग्लेनिस. तीही गप्प.

मला तिथे गाडीतून आणले होते अर्डिसने. अर्जाची बातमी गावात फुटली तशी ती काठी टेकत दारात आली आणि एवढेच म्हणाली, "कोर्टात कोण नेणार तुला? मी नेते." आता ती मागच्या बाकावरून उठून ओरडली, "अहो, तिला बोलू द्या की! हात गेलेत तिचे, जीभ नाही गेली. जिभेचं मला विचारा!"

लोक हसले. न्यायाधीशबाईंनी तिला खाली बसवले आणि मला विचारले, "क्रॉलीबाई, काही सांगायचंय?"

"पेन्सिल तुम्ही धरा," मी म्हटले. "मी सांगते."

त्यांनी खरोखरच पेन्सिल उचलली.

"गोल काढा. वर बारा, खाली सहा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. मधले तुम्हाला येतात. छोटा काटा अकराच्या किंचित पुढं, कारण अकरा होऊन गेलेत. मोठा दोनावर."

बाईंनी कागद पाहिला आणि वेनच्या वकिलाला म्हणाल्या, "माझं घड्याळ बरोबर आलंय." अर्ज फेटाळला गेला.

बाहेर पायऱ्यांवर वेन म्हणाला, "आई, तुझ्या भल्यासाठीच केलं गं मी." मी कठड्याला मनगट अडकवून उभी होते, गुडघे वाकत नव्हते. तो मोटारीकडे गेला. मला वाटले, मोटार पायऱ्यांपाशी आणतोय. तो निघून गेला. मला उतरवले अर्डिसने. एका हाताने काठी आणि दुसऱ्याने मी. दोघी म्हाताऱ्या उताण्या पडल्या नाहीत ही देवाची कृपा.

सबब वेनला माझ्या स्वयंपाकघरातले भिंतीवरचे घड्याळ द्यावे. दुसरे काही देऊ नये. मी त्याला विसरून गेले असे त्याने कोर्टात सांगू नये म्हणून त्याचे नाव इथे पूर्ण लिहिले आहे.

५. बँकेत जे उरेल ते माझ्या दफनाला आणि पेटेग्रोबाईंच्या फीला लावावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनीच करावी.

६. राहते घर, सामानासह. हे कलम मी दोनदा बदलले. घर चर्चला द्यायचे ठरले होते.

ऑगस्टमध्ये ग्लेनिस जेवायला आली. कोर्टानंतर पहिल्यांदाच. बीटच्या लोणच्याची बरणी उघडायला म्हणून ती ओट्याकडे वळली आणि मुद्दाम माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. बरणी पोटाशी दाबून ती झाकण तळव्याने फिरवत होती. बोटे वर उचललेली. असे कोण उघडते ते मला माहीत आहे.

"इकडे ये. हात बघू."

"काही नाही गं. थंडीनं आखडलेत."

"ऑगस्टमध्ये?"

तिने हात पुढे केला. पहिल्या दोन बोटांच्या टोकाच्या सांध्यांवर गाठी, वाटाण्याएवढ्या, लालसर. तिने उभ्या आयुष्यात मासा कापलेला नाही. शाळेत भूगोल शिकवते. म्हणजे हे मी माशांकडून नव्हे, माझ्या आईकडून घेतले होते आणि तिला दिले.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"वय झालं की होतंच, म्हणाले." आणि मग खाली बघून, "आई, कोर्टात मी बोलायला हवं होतं."

"हो. हवं होतं."

ती रडली. मी तिची समजूत घातली नाही. बीट खाल्ले, चांगले झाले होते.

घर ग्लेनिसला द्यावे. ही माफी नाही, हे तिला वाचून दाखवावे. खालच्या मजल्यावर मी झोपायची खोली करून घेतली आहे, नळांना आणि दारांना कोपराने दाबायच्या मुठी बसवल्या आहेत, न्हाणीला उंबरा ठेवलेला नाही. आज तिला हे सगळे कुरूप वाटेल. तिने ते काढू नये. तिच्या मुलांनी तिचे ऐकले तर ठीकच. न ऐकले तरी दार तिला तिचे तिला उघडता यावे.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, ते मी सांगितले तसेच आहे. खालची सही माझी आहे. ती माझ्या जुन्या सहीसारखी दिसत नाही म्हणून कोणी वाद काढू नये.

एल्व्हा मे क्रॉली
हॅरो कोव्ह, दि. १९ सप्टेंबर २०२३

साक्षीदार:
१) लिओटा मर्चंट, टपाल कार्यालय, हॅरो कोव्ह
२) होबार्ट नाय, चर्चचे ऑर्गनवादक, हॅरो कोव्ह

वरील सही एल्व्हा क्रॉली यांनी आम्हा दोघांसमक्ष केली. बराच वेळ लागला. आम्ही त्यांचा हात धरला नाही. त्यांनी धरू दिला नाही.