हरवलेलं बिट आणि मामांची तक्रार

तीर्थरूप मामांस,

रागात का होईना, पण वाकून नमस्कार. मामींची कंबर आता कशी आहे? तुमच्या तब्येतीची चौकशी करत नाही, कारण विमान कंपनीला तुम्ही लिहिलेली तक्रार मी वाचली आहे, आणि एवढं लांबलचक लिहू शकणारा माणूस ठणठणीतच असणार. कंपनीने ती आमच्या हँगरकडे (विमानं दुरुस्तीला येतात त्या शेडकडे) पाठवली आणि आमच्याकडे ती नोटीस बोर्डावर लागली आहे. (जेवायला जाता-येता लोक ती मोठ्याने वाचतात.) कुठल्यातरी गाढवाने हत्यार हरवलं म्हणून तुमचं विमान दुपारभर अडकलं, मित्राच्या मुलाच्या लग्नाला तुम्ही पोचलात तेव्हा हॉलवाले खुर्च्या एकावर एक रचत होते, आणि त्या गाढवाला ताबडतोब कामावरून काढावं, अशी तुमची मागणी आहे. मामा, ते गाढव मी आहे. तुमची सख्खी भाची.

आमची भाची विमानं बनवते, असं तुम्ही सगळ्या नात्यागोत्यात सांगत फिरता. काय बनवते ते ऐका. शिकाऊ म्हणून लागल्यापासून कित्येक महिने मी धातूचा एक ठोकळा कानशीने घासला. बाजू सपाट झाली असं वाटलं की उस्ताद (आमचे शिकवणारे, हसताना त्यांना अजून कोणी पाहिलेलं नाही) त्यावर पट्टी ठेवून उजेडात धरायचे आणि फटीतून जरा उजेड दिसला की ठोकळा परत माझ्या हातात. घासता घासता तो साबणाच्या चिपटीएवढा झाला. त्यानंतरची बढती म्हणजे झाडू. एखादा स्क्रू जरी इंजिनाने ओढून घेतला तरी आतल्या पात्यांची वाट लागते, म्हणून जमीन आरशासारखी हवी. अंगठी नको, कानातलं नको, खिशात पेन्सिलसुद्धा नको. आईने दिलेली अंगठी काढताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर उस्ताद म्हणाले, "रड, पण रुमाल मोजून आत ने."

मोजणं हाच आमचा धर्म आहे. पेटीत प्रत्येक हत्याराला त्याच्या आकाराची खोबण कापलेली असते. काम संपलं की सगळ्या खोबणी भरलेल्या दिसल्या पाहिजेत. एक जरी रिकामी राहिली, तर विमान जागचं हलत नाही आणि माणसंही घरी जात नाहीत. तुमच्या विमानाचा दिवस म्हणजे मला खऱ्या विमानाला हात लावू दिला तो पहिलाच दिवस. पंखाखालचं एक झाकण बसवायचं होतं. मी बसवलं, झकास बसवलं, आणि पेटी उघडून बघते तर बिटाची खोबण रिकामी. (बिट म्हणजे स्क्रू पिळायच्या हत्याराला पुढे लावतात ते पोलादी टोक, करंगळीच्या पेराएवढं.)

माझ्यासोबत शिकणारा एक शहाणा आहे. तो कानाशी येऊन म्हणाला, "माझ्या पेटीतलं टाक. मोजणी झाली की परत दे. कोणाला कळणार आहे?" खोटं कशाला सांगू, मी हात पुढे केला. आणि मग मला स्वतःचाच असा संताप आला की मी सगळ्या हँगरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "माझं बिट हरवलंय!"

सकाळची पाळी संपवून घरी निघालेल्या लोकांनी खांद्यावरच्या पिशव्या खाली ठेवल्या. बसवलेलं झाकण परत उघडलं. बॅटऱ्या आल्या, दांड्याचे आरसे आले, एका जाडजूड मेकॅनिकचा हात पंखात अडकला तो वेगळाच सोडवावा लागला.  कोणी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, मामा. नुसते माझ्याकडे बघायचे आणि परत शोधायला लागायचे. उस्ताद मात्र हातात ताटली घेऊन हुकूम सोडत फिरत होते. (काढलेले स्क्रू सांडू नयेत म्हणून आमच्या ताटलीला चुंबक असतं.) मी जमिनीवर उताणी पडून पंखात डोकावत होते, तेवढ्यात ते माझ्या डोक्याशी येऊन उभे राहिले, आणि ताटलीच्या बुडाला मला माझं बिट चिकटलेलं दिसलं. दुपारभर ते त्यांच्याच हातात होतं! मी आधी खोकले (तेवढं वळण आईने लावलं आहे), मग बोट दाखवलं. त्यांनी ते काढलं, पुसलं, खोबणीत बसवलं आणि "चला" म्हणाले. ना शाबासकी, ना शिवी.

आणि वर तुमची तक्रार! "असल्या बेजबाबदार लोकांच्या हाती आमचे जीव," असं लिहिलंत. अहो, बेजबाबदार पोरगी गप्प बसली असती. तुम्ही वेळेवर उडाला असता, लग्नात दोन घास जास्त जेवला असता, आणि बिट पंखात आहे की नाही हे जगात कोणालाच ठाऊक नसतं. मला मेली कसली हौस होती सगळ्यांच्या डोळ्यांवर यायची?

मामींना नमस्कार. तुम्हाला एकदा केला आहे, तेवढा पुरे.

तुमची,
गाढव भाची

ता. क. ती तक्रार मागे घ्या. तिच्यापायी मोठ्या साहेबांनी मला दुसऱ्या वर्षात घ्यायचं की घरी पाठवायचं हे लटकवून ठेवलं आहे. फक्त नातं सांगू नका, वशिला वाटेल. (शिवाय या गृहस्थांना मी ओळखत नाही, असं मी साहेबांना सांगून बसले आहे.)

आणखी एक ता. क. साहेबांच्या हुकमाने तुम्हाला माझ्या सहीचं माफीपत्र येईल. ते ऑफिसातल्या कारकुनाने लिहिलंय आणि फार गोड आहे. त्यातलं अक्षरही खरं मानू नका. ओरडल्याचं मला काडीइतकं वाईट वाटत नाही, उद्या खोबण रिकामी दिसली तर परत ओरडेन. पण मी हात पुढे केला होता ना, तेव्हा त्या विमानाने तुम्ही जाणार आहात हे मला माहीत नव्हतं. तक्रारीखाली तुमचं नाव वाचलं तेव्हा कळलं. तेव्हापासून पेटी मिटण्याआधी मी खोबणी तीन-तीनदा मोजते, आणि पुढे केलेल्या त्या हाताचा राग कोणावर काढू ते न कळून तुमच्यावर काढला आहे.