उलटा मोर

निपाणी, नोव्हेंबर १९४२

ज्योतिबा,

चळवळीपायी तू फरारी झालास, त्याला तीन महिने झाले. तुला लिहायचा एकच पत्ता मला ठाऊक होता, तवंदीच्या डोंगरात आपण लपवलेला डबा. वर चढेल त्यानं आतल्या वहीत स्वतः कोरलेला ठसा उमटवायचा. त्या वहीनंच आपल्याला बोरगावची राजाबाई मैत्रीण म्हणून दिली. तिचा मासा, माझं कमळ, तुझा मोर. मोर तू कायम उलटा उमटवायचास. "नाचू दे की गं आक्का डोक्यावर," म्हणायचास आणि आम्ही दोघी लई हसायचो.

काल वहीत ताजा मोर दिसला. खाली लिहिलं होतं, 'रविवारी इथंच भेटा.' माझं भानच हरपलं. शेजारी कमळ उमटवून मी 'दोघीबी येतो' असं लिहिलं.

घरी चुलीपुढं बसल्यावर ध्यानात आलं. मोर सरळ उभा होता.

तुझा ठसा कुणाच्या हाती लागलाय रं? आणि तू कुठं हाईस?

हे पत्र डब्यात ठेवणार न्हाय. आज पहाटेच वही आणायला गेलते. डबा जागेवर हाय. वही न्हाय.

तुझी आक्का,
मनु