ओले केस

धाकटे,

लिहायची मला सवय नाही, म्हणून मुद्द्याचंच लिहिते.

तुझ्या लग्नाला दोन दिवस होते आणि माझ्या नव्या पार्लरची तू पहिली गिऱ्हाईक होतीस. तुझे ओले केस मी खांद्यापर्यंत कापले. वाळल्यावर ते कानांच्या वर जाऊन बसले. तू रडायला लागलीस तेव्हा मी म्हणाले, "तुझे केसच वाकडे, त्याला मी काय करू?" त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस.

तुझ्यानंतर आणखी दोघींचे कुरळे केस मी बिघडवले. त्यातली एक नर्स. आरशात बघून म्हणाली, "बाई, माझी मेंढी केलीत की हो!" तेव्हा कुठे मी मान खाली घालून कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या न्हाव्याकडे गेले. तो खोकला येईपर्यंत हसला. म्हणाला, "अगं, कुरळे केस ओले असले की लांब दिसतात. कोरडेच कापायचे, एकेक बट धरून." एवढंच होतं. आधी विचारलं असतं तर माझं नाक काही कापलं गेलं नसतं.

आता कुरळ्या केसांच्या बायका लांबून माझ्याकडे येतात. ती नर्ससुद्धा येते.

तुझे केस वाकडे नव्हते. माझा हात कच्चा होता, आणि ते मला त्याच दिवशी कळलं होतं.

हे पत्र काही मी टाकणार नाही, तू न वाचताच फाडशील. रविवारी कात्री घेऊन मीच येते. तुझे केस ओले असले, तर वाळेपर्यंत दारात बसून राहीन.

तुझी,
तोंडाळ ताई