सात नंबरमध्ये पाणी मुरतंय

सोमवार, ४ मार्च

ही नोकरी मला केवढ्याला पडली? तेवीस वर्षं शिडीवर, डाव्या अंगठ्याचं नख, आणि दोन्ही मेव्हण्यांचं ‘आमचे दाजी वायरमन’ म्हणून खिदळणं. आज टेबलावर पाटी लागली, चाचणी तंत्रज्ञ. सगळी किंमत फिटली.

काम झकास आहे. हॉलमध्ये केबलचे बारा तुकडे पाण्याच्या टाक्यांत बुडवून त्यांच्यात रात्रंदिवस जबर वीजदाब सोडलाय. जमिनीखाली वर्षानुवर्षं जे होतं ते इथे काही महिन्यांत घडवायचं. तारेवरच्या प्लास्टिकात ओल शिरली की विजेच्या ओढीने आत केसाएवढ्या फांद्या फुटतात. इथे त्याला ‘झाड’ म्हणतात. झाड आरपार गेलं की केबल फुटली. वाढताना ते बारीक टिकटिकतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी ती टिकटिक पकडायचं यंत्र दाखवलं. मी म्हटलं, यंत्र राहू द्या, भिंतीपलीकडचा तारेचा सांधा बिघडला तर मला नुसत्या कानाने कळतं, आजवर एकदाही चुकलो नाही. मॅडम हसल्या. म्हणाल्या, तुमच्या आधी या टेबलावर होते ते मास्तरही अगदी असंच म्हणायचे.

गुरुवार, ७ मार्च

सात नंबर टिकटिकतोय. यंत्रावर शून्य. मॅडम म्हणतात, शून्य म्हणजे शून्य, उद्या दाखल्यावर सही करा, ही केबल नव्या हॉस्पिटलात जायचीय. तिथे ऑपरेशन चालू असताना फुटली तर? बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, अहो, पहिल्याच आठवड्यात वरच्यांशी वाकडं घेऊ नका, तुमचा आगाऊपणा घरी पुरे. फोन ठेवला. पण कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते टाकीत नव्हे.

शनिवार, ९ मार्च

पोटदुखीचं निमित्त करून काल सही टाळली. मॅडमनी यंत्राची तार सैल करून ठेवली असेल म्हणून आज चाचपली. घट्ट होती. त्या जेवायला गेल्यावर सात नंबरची वीज तोडली.

टिकटिक चालूच.

मंगळवार, १२ मार्च

न विचारता सात नंबरचे कागदाहून पातळ काप काढले, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. काचेसारखे स्वच्छ. एक डहाळी नाही. मॅडम कडाडल्या, चांगला तुकडा फुकट घालवलात, कानावर एवढा विश्वास असेल तर कानाचंच दुकान काढा! बाई खोटं बोलत नव्हती.

टाकी आता रिकामी आहे. तरी टिकटिक ऐकू येते. कँटीनमध्ये येते, जिन्यातही.

बुधवार, १३ मार्च

खणात मास्तरांची वही सापडली. पानोपान एकच: ‘सात – टिकटिक. यंत्र – शून्य.’ शेवटच्या पानावर: ‘सातात नाही. माझ्याबरोबर घरी येते.’

शुक्रवार, १५ मार्च

मास्तरांच्या बहिणीला गाठलं. दार अर्धंच उघडलं तिने. म्हणाली, दादा त्या टिकटिकीने पार वैतागला होता. मग एका सकाळी म्हणाला, अगं, थांबली बघ! कितीतरी दिवसांनी हसला, चहा मागितला. ती कप घेऊन येईपर्यंत खुर्चीतच गेला होता. मानेपासून बोटांपर्यंत काळ्या डहाळ्या. विजेचा झटका, असं डॉक्टर म्हणाले.

त्या सकाळी त्यांच्या गल्लीत वीजच नव्हती.

सोमवार, १८ मार्च

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. कानांत बोळे घातले. टिकटिक तशीच – उलट स्पष्ट. बंद खोलीत बसवून तपासलं, कागद उद्या देतो म्हणाले. मी विचारलं, आतून येत असेल का? ते म्हणाले, आतून म्हणजे कुठून?

मनगटावर एक रेघ आहे. शाई असेल. साबणाने घासली –

शाई नाही.

मंगळवार, १९ मार्च

सकाळी कोपरापर्यंत. तीन फाटे –

सव्वानऊला टिकटिक थांबली. एकदम. मी जागचा हललेलो नाही. बायकोचा फोन वाजतोय, पण हात लावला आणि तिला काही –

डॉक्टरांचा कागद दाराखालून आलाय. इथूनच वाचता येतो. बारीक आवाज, दोन्ही कान: शून्य. दोष जुना, किमान वीस वर्षांचा. म्हणजे सांध्यांतला आवाज मी कधी ऐकलाच नाही. इतकी वर्षं जे ऐकत होतो ते